हजेरीपटावरचा बिस्किट

गिनेप लेन, किंग्स्टन
४ फेब्रुवारी २०१९

होपटन,

फाडण्याआधी निदान पहिलं पान वाच. माझं काही मागणं नाही.

अँटिगातला तुझा पत्ता तिकडून आलेल्या व्हेनेटाच्या भाच्याने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. मी तीन रविवार त्याच्या दाराशी बसून काढले, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

मागच्या अंगणातला नीरफणस यंदा वेड्यासारखा लागला आहे. एकटी बाई किती खाणार? निखाऱ्यावर भाजते आणि टोपलीत घालून नाक्यावर नेते. का नेते ते सांगते.

मी पुन्हा कामाला लागले आहे. शिवणकारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी फाटकावर उभं राहून मी सांगितलं होतं की यापुढे कुणाच्या हजेरीबुकात सही करणार नाही. आता सहासष्टाव्या वर्षी रोज सकाळी सही करते. नाल्यापलीकडच्या जुन्या शाळेत प्रशिक्षण केंद्र उघडलं आहे. वेल्डिंग, नळकाम, फ्रिज-एसी दुरुस्ती. शिकवणं फुकट, दुपारचं जेवण फुकट. हत्यारं नवीकोरी, शिक्षक हजर, बाकं रिकामी. त्यांनी पोस्टरं लावली. पोस्टरवरच्या पोरांचे दात इतके पांढरे आहेत की ती आपल्यातली असतील यावर गल्लीत कुणाचा विश्वास बसला नाही. मग त्यांना कुणीतरी सांगितलं की आयोनी बरेल बोलायला लागली की रस्त्यातल्या टॅक्सीसुद्धा थांबतात. म्हणून मला ठेवलं. काम एकच, गल्ल्यांतून पोरं आणायची.

पहिल्याच दिवशी साहेबाशी वाजलं. अर्जाच्या डोक्यावर छापलं आहे, 'असंलग्न तरुणांसाठी'. असंलग्न म्हणजे काय, मी विचारलं. तो म्हणाला, ज्यांचा शाळेशी नाही, कामाशी नाही, कशाशीच संबंध उरला नाही असे. मी म्हटलं, आमच्या गल्लीत एक पोरगा आहे. सकाळी मावशीला साखरेचं इंजेक्शन टोचतो, तिच्या दोन नातवंडांना शाळेत पोचवतो, येताना शेजारच्या आंधळ्या म्हाताऱ्याचं पाणी भरतो. तो कशाशी जोडलेला नाही ते मला दाखवा. तो आपल्या जागी आहे, साहेब, दोर तुमच्या हातातून सुटला आहे. साहेबाने ते वहीत उतरवून घेतलं. पुढच्या समारंभात स्वतःचं म्हणून बोलेल बहुतेक.

तो पोरगा म्हणजे बिस्किट. त्या मावशीकडे, म्हणजे आपल्या शेजारच्या व्हेनेटाकडे वाढलेला, तुझ्या सायकलच्या दांडीवर बसून गावभर फिरायचा तो. तू गेलास तेव्हा नऊ वर्षांचा होता. आता वीसचा आहे. दारातून येताना वाकावं लागतं.

नाक्यावर मी शीतपेयाच्या क्रेटवर उभी राहून पाऊण तास बोलले. कारखान्याच्या फाटकावर बोलायचे तशी. श्रमाबद्दल बोलले, हाताच्या कसबाबद्दल बोलले, ज्या देशाने आपल्या तरुण पोरांना भिंतीला टेकवून ठेवलं आहे त्या देशाला लाज कशी वाटत नाही याबद्दल बोलले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. मग बिस्किट उठला आणि डॉमिनोचं टेबल चार हात सरकवलं. म्हणाला, "भाषण एक नंबर झालं, मिस आयोनी. पण सावली हलली, आता आम्हाला हलायला पाहिजे."

आठवडाभर तसंच चाललं. शेवटी मी क्रेट उलटा करून त्यावर बसले, टोपली मध्ये ठेवली आणि म्हटलं, मलाही सोंगट्या वाटा. तू मला खेळायला शिकवत होतास तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून बसायचे. आता शिकले. हरते, पण सोंगटी आपटायला जमायला लागली आहे. बोलणं थांबवलं तेव्हा त्यांचं ऐकू यायला लागलं.

आणि ऐकलं ते बरं नाही. गल्लीच्या वरच्या टोकाला जो राहतो, त्याचं नाव मी पत्रात लिहीत नाही, तुला ठाऊक आहे, त्याची नजर बिस्किटवर आहे. पोरगा विश्वासू आहे, पायाने चपळ आहे, पोलिसांच्या कागदावर कुठे नाही. असाच त्याला हवा असतो. त्याने एक नवा बुटांचा जोड पाठवला आहे आणि सांगितलं आहे की ईस्टरच्या शनिवारपर्यंत कळव. बूट अजून डब्यात आहेत. व्हेनेटा तो डबा रोज पलंगाखाली ढकलते आणि रोज तो थोडा बाहेर आलेला असतो.

तिकडे पाणी वेळेवर येतं का? तू पाणी कमी पितोस.

आई

२६ फेब्रुवारी

होपटन,

उत्तर आलं नाही. ठीक. मी काही वाट बघत नव्हते.

बिस्किट केंद्रात जायला लागला, हे सांगायला लिहिते. माझ्या भाषणाने गेला असता तर मी तुला तार केली असती. गेला तो व्हेनेटाच्या फ्रीझरमुळे. फ्रीझर बंद पडला, आत रविवारचं मटण. बिस्किटने मागचा पत्रा उघडला आणि तासभर नुसता बघत बसला. मग म्हणाला, यात काहीतरी फिरतंय, ते कुठेतरी अडलंय, पण अडलंय कुठे ते दिसत नाही. मी तोंडातून शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी नीरफणसाची टोपली केंद्रात पोचवायची आहे, जड आहे, जरा हात लाव, एवढंच म्हटलं.

तिथे मिस्टर क्वालो आहेत, फ्रिजचं शिकवणारे. ठेंगणे, पोट सुटलेले, शर्टाच्या खिशात पाच पेनं, एकही लिहीत नाही. ते तांब्याची नळी वाकवत होते. नळी चेपू न देता वाकवणं म्हणजे काय असतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. बिस्किट टोपली हातात घेऊनच उभा राहिला. क्वालोंनी वर न बघता विचारलं, "टोपली खाली ठेवणार आहेस की तिला पण शिकवू?" त्याने ठेवली. संध्याकाळी मी निघाले तरी तो तिथेच.

अर्ज मी भरला. व्हेनेटाच्या पेटीतून बाप्तिस्म्याचा दाखला काढला आणि सुरेख अक्षरात लिहिलं, लेनवर्थ अँथनी टुलॉक. वर्ग अठरा तारखेला सुरू झाला. आता गंमत ऐक. तिसऱ्या दिवशी केंद्रातून मला बोलावणं आलं की तुमचा टुलॉक एकदाही आलेला नाही, त्याचं नाव कमी करतो. मी तावातावाने गेले. बघते तर बिस्किट पहिल्या बाकावर, वहीत फ्रिजचं पोट काढून त्यात बाण भरतोय. क्वालो तीन दिवस "लेनवर्थ टुलॉक, लेनवर्थ टुलॉक" अशी हाक मारत होते आणि हा त्यांच्या नाकासमोर बसून शांतपणे इकडेतिकडे बघत होता, कोण बाबा हा टुलॉक म्हणून. क्वालोंनी कपाळाला हात लावला. सगळा वर्ग लोळून हसला.

आपल्याकडे हे असंच. तुला तरी किती जण होपटन म्हणायचे? गल्लीला तू किंगफिश. मी एकटी होपटन होपटन करत राहिले, कारण ते नाव मी निवडलं होतं आणि मला ते आवडत होतं. खरं नाव पाद्री घेतो, तेही एकदाच. त्यानंतर पोलिसांचा शिपाई घेतो. म्हणून आपण ते पेटीच्या तळाशी ठेवतो आणि पोरांना बिस्किट, टॉलमन, पपी म्हणून वाढवतो. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

माझा गुडघा बरा आहे. व्हेनेटाने पाठवलेला केक या पत्राबरोबर येत नाहीये, टपालवाल्याने घेतला नाही.

आई

१९ मार्च

होपटन,

मागच्या पत्रात मी तुला हसवायला बघत होते. सगळं सांगितलं नव्हतं. आता सांगते.

वर्ग हसला, पण बिस्किट हसला नाही. तो विसरला नव्हता. पहिल्याच हाकेला त्याला कळलं होतं आणि त्याने तोंड मिटून घेतलं होतं. क्वालो हसत होते तेव्हा तो उठला, वही बाकावरच ठेवली, माझ्या शेजारून दारापर्यंत गेला आणि तिथे थांबला. हळूच म्हणाला, कुणाला ऐकू जाऊ नये असं. "तुम्ही पुन्हा केलंत, मिस आयोनी. मला न विचारता."

आठ दिवस तो केंद्रात फिरकला नाही. पलंगाखालचा डबा उघडला गेला. बूट पायात नव्हते, पण डब्याबाहेर भिंतीशी लावून ठेवले होते. ते व्हेनेटाने मला दाखवलं आणि आपल्या कामाला लागली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते दार, होपटन. अकरा वर्षांत मी त्या सकाळबद्दल तुला एक ओळ लिहिलेली नाही. तुझ्या जुन्या पत्त्यावर चार पत्रं पाठवली, त्यांत हवामान होतं, देश होता, युनियन होती. आज लिहिते.

मोठ्या रस्त्यावर गोळीबार झाला होता आणि शिपाई दारोदार तरुण पोरं गोळा करत होते. फाटकाशी बिस्किट खेळत होता. त्यांनी विचारलं, इथे कोण राहतं? नऊ वर्षांचं पोर, त्याने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "फक्त मिस आयोनी. दुसरं कुणी नाही." मी आतून आले आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. खोटं बोलू नकोस, म्हटलं. आणि त्या माणसांपुढे ताठ उभी राहून तुझं पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, हेही सांगितलं की माझ्या मुलाला लपवण्यासारखं काही नाही. मी तुला हाक मारली. माझ्या तोंडून हाक आली म्हणून तू बाहेर आलास.

दोन तासांत सोडतो म्हणाले. सात महिने. आरोप नाही, तारीख नाही. सोमवारपासून गोदीत शिकाऊ म्हणून लागायचा होतास, ती जागा दुसऱ्याला गेली. सुटल्यावर तू घरी आला नाहीस, व्हेनेटाकडे चार दिवस राहिलास. मी तिथे आले तेव्हा तू एवढंच म्हणालास, "तू खरं बोललीस, आई. आता त्या खऱ्याबरोबर राहा."

राहिले. त्यांचं चुकलं होतं, हे मी शंभर सभांत सांगितलं, आणि ते चुकलंच होतं. पण शंभर सभांत माझं काय चुकलं ते मी एकदाही सांगितलं नाही. तुला विचारलं नव्हतं. त्या नऊ वर्षांच्या पोराला जे कळत होतं ते मला कळलं नाही, कारण मी पुस्तकं वाचलेली होती आणि माझा विश्वास होता की सरळ माणसाला आपलं नाव सांगायला भीती नसते. तो विश्वास मला अजून आहे. फक्त आता एवढं समजतं की नाव ज्याचं आहे, ते सांगायचं की नाही हेही त्याचंच आहे. मी तुझ्या नावावर माझा ताठपणा उभा केला. मला माफ कर असं लिहायला बसले होते, पण ते मागणं झालं, आणि मला आज दुसरं मागायचं आहे. पहिल्या पत्रात मागणं नाही म्हणाले होते. ते खोटं होतं.

बिस्किट परत आला. क्वालो स्वतः नाक्यावर आले, पोटासकट त्या उन्हात, डॉमिनोच्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी हजेरीपटावर शिसपेन्सिलीने बिस्किट लिहिलंय. साहेबाने विचारलं तर सांगेन कुणीतरी खाताना सांडलं." पोरं हसली. बिस्किटही हसला, आणि गेला. आता तो वर्गात सगळ्यात पुढे आहे. कुठल्या नळीतून गॅस गळतोय ते तो साबणाचा फेस लावायच्या आधी सांगतो. क्वालो म्हणतात, असा कान वीस वर्षांत पाहिला नाही.

पण मे महिन्यात वर्गातल्या पोरांना प्रत्यक्ष कामावर पाठवायचं आहे. मासळीबाजाराजवळच्या एका शीतगृहाने बिस्किटला घ्यायची तयारी दाखवली आहे. त्यासाठी ठाण्यावर जाऊन, अंगावर गुन्हा नाही असा दाखला आणावा लागतो. खरं नाव, फोटो, दहा बोटांचे ठसे. तीस एप्रिलच्या आत. आणि त्याच्या नऊ दिवस आधी ईस्टर.

मी बोलले. चांगलं बोलले असेन, मला काय येतं दुसरं? म्हटलं, ज्या गल्लीतल्या पोरांची नावं फक्त शिपाई घेतो ती गल्ली कधी वर येणार नाही. तुझं नाव पगाराच्या पाकिटावर यायला हवं, शीतगृहाच्या फळ्यावर यायला हवं, पुढे कधी तुझ्या स्वतःच्या दुकानाच्या पाटीवर. ते त्यांच्या हातातून काढून घे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमचं सगळं बरोबर असतं हो. त्या दिवशी पण बरोबर होतं." आणि थोड्या वेळाने, "होपटनला विचारा. तो जा म्हणाला तर जाईन. तुम्ही म्हणता म्हणून नाही जाणार."

म्हणून ही पत्रं. जानेवारीतच मला दिसत होतं की एक दिवस हा दाखला मध्ये येणार आणि माझा शब्द तिथे चालणार नाही. नीरफणस वगैरे सगळं तुझ्या दारात पाय ठेवायला जागा मिळावी म्हणून लिहिलं. तू मला ओळखतोस, तुला ते पहिल्याच ओळीत कळलं असेल.

तू जाऊ नको म्हणालास तरी मला चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी ऐकेन. तुझ्याइतकं ते दार कुणी आतून पाहिलेलं नाही. फक्त त्याला काहीतरी सांग. खाली त्याचा नंबर लिहिला आहे. माझा लिहीत नाही.

आई

१२ एप्रिल

होपटन,

पत्राला पोचायला तीन आठवडे लागतात असं टपालातली बाई म्हणते. मागच्या महिन्यात दोन म्हणाली होती.

बिस्किट रोज केंद्रात जातो. दाखल्याचं नाव काढत नाही, मीही काढत नाही. क्वालोंनी त्याला स्वतःचं नळी वाकवायचं हत्यार घरी न्यायला दिलं आहे. तो मागच्या अंगणात बसून तांब्याचे तुकडे वाकवतो आणि व्हेनेटाची नातवंडं त्यांच्या पिपाण्या करून फुंकतात. सगळ्या गल्लीच्या डोक्याला ताप आहे.

काल वरच्या टोकाचा माणूस स्वतः गाडीतून खाली आला. काच उतरवली, अंगणातल्या नळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, बूट घट्ट होतात का? बिस्किट म्हणाला, अजून घालून बघितले नाहीत. तो हसला आणि काच वर केली.

माझं सगळं आयुष्य बोलण्यावर गेलं आणि आता माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. तुझ्याकडे एक शब्द आहे. इकडचा की तिकडचा, तू ठरव. मला देऊ नकोस, त्याला दे.

आई

३ मे

होपटन,

तुला सगळं ठाऊक असेल किंवा बिस्किटने कळवलं असेल, तरी मी माझ्या बाजूने लिहिते.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात आला. मी मासे तळत होते. दाराच्या चौकटीत वाकून उभा राहिला आणि म्हणाला की होपटनचा फोन आला होता. मी चुलीकडेच तोंड करून उभी राहिले. तेल करपेपर्यंत मासा उलटला नाही. मला वळायची भीती वाटत होती.

तू काय म्हणालास ते मी त्याच्याकडून दोनदा ऐकलं. एकदा पुरलं नाही. "जा. सकाळी लवकर जा, उन्हात रांग नको. विचारतील तेवढंच सांग. वाद घालू नकोस. पावती घेतल्याशिवाय हलू नकोस." इथे तो थांबला. चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसला. मी म्हटलं, अजून काही म्हणाला असेल तर सांगून टाक, मी काही मरत नाही.

"म्हणाला, म्हातारीला बरोबर नेऊ नकोस."

मला ते लागलं नाही असं मी म्हणणार नाही. मी त्याच्याबरोबर जायचं केव्हाच ठरवून टाकलं होतं. काळी टोपी ब्रशने साफ करून खुंटीला लावली होती. ठाण्यावर काय बोलायचं तेही ठरवलं होतं, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत. बिस्किट त्या टोपीकडे बघत होता. मी ती काढली आणि कपाटात ठेवली.

शनिवारी तो बुटांचा डबा काखेत मारून गल्लीच्या वरच्या टोकाला गेला. तिथेही मी गेले नाही. व्हेनेटा आणि मी पायरीवर बसलो, तिने माझा दंड धरला होता, खूण अजून आहे. तो वीस मिनिटांत परत आला. त्याने तिथे सांगितलं होतं की सकाळी सातला कामावर जायचं आहे, दुसरीकडे पळायला वेळ होणार नाही. त्या माणसाने विचारलं, फ्रीझर येतो का तुला? माझ्या आईचा बंद पडलाय.

बिस्किटने तो दुरुस्त केला. बूट तिथेच ठेवून आला. ही सुटका आहे की दोरी थोडी सैल सोडली आहे, मला कळत नाही, आणि कळतंय असं मी तुला सांगणार नाही. पण त्या म्हातारीने त्याला ताटभर राजमा-भात वाढला आणि सांगितलं की याला कुणी हात लावला तर माझा बर्फ कोण करून देणार. त्या घरात तिच्या शब्दाला वजन आहे म्हणतात.

सणाच्या सुट्टीनंतर मंगळवारी तो ठाण्यावर गेला. एकटा. मी सहापासून घरात होते. तुरीचे दाणे निवडले, निवडलेले परत निवडले. नऊ वाजता मला वाटलं आता त्यांनी त्याला आत घेतलं असेल. दहा वाजता मी चप्पल घातली. साडेदहाला काढली. तुला मी हाक मारली त्या दारात खुर्ची टाकून बसले आणि फाटकाकडे बघत राहिले. सात महिने मी तशी बसले नव्हते, हे त्या वेळी लक्षात आलं. तू आत होतास तेव्हा मी बाहेर सभा घेत होते. एक दिवस तरी नुसतं बसून वाट बघायला हवी होती. ते मी अकरा वर्षांनी, दुसऱ्याच्या मुलासाठी केलं.

एकच्या सुमाराला तो आला. बोटं काळी होती म्हणून फाटक कोपराने ढकललं. मी काही विचारलं नाही. तो पायरीवर बसला, पाणी मागितलं, मी पेला त्याच्या तोंडाशी धरला. मग तोच बोलायला लागला. खिडकीतल्या बाईने नाव विचारलं, त्याने सांगितलं. तिने स्पेलिंग विचारलं आणि ते त्याला येईना.

"वीस वर्षं नाव आहे माझं, मिस आयोनी, आणि मी नुसता उभा. ती म्हणाली, घाबरू नकोस बाळा, मध्ये एक डब्ल्यू असतो."

आम्ही दोघं हसलो. व्हेनेटा कुंपणाच्या पत्र्यावरून डोकावून विचारायला लागली की काय झालं, काय झालं, आणि आम्हाला सांगता येईना. मग तो हसता हसता रडला आणि काळ्या बोटांनी डोळे पुसले, तोंडभर शाई झाली. मी माझ्या झग्याच्या टोकाने पुसायला गेले तर म्हणाला राहू द्या, मी पुसतो. मी हात मागे घेतला.

दाखला सव्वीसला मिळाला. येत्या सोमवारी तो शीतगृहात हजर होईल. क्वालोंनी त्याला त्यांच्या खिशातलं एक पेन दिलं आहे, लिहीत नाही ते.

त्या फोनबद्दल मी त्याला आणखी एकच गोष्ट विचारली. माझ्याबद्दल दुसरं काही बोलणं झालं का? तो म्हणाला, होपटनने विचारलं, म्हातारी कशी आहे? मी सांगितलं, आता डॉमिनो खेळते, रोज हरते. मग? मग तो हसला, किंवा लाइन खरखरली. बिस्किटला नक्की सांगता येत नाही. त्याने ते मला तसंच सांगितलं, गोड करून सांगितलं नाही.

तुझा नंबर त्याच्या फोनमध्ये आहे. मी मागितलेला नाही आणि तो देऊ करत होता तेव्हा नको म्हटलं. तुला द्यावासा वाटला तर तू देशील.

मंगळवारचं एवढंच सांगायचं होतं. अकरा वर्षांत तू मला पहिल्यांदा काहीतरी सांगितलंस. घरी राहा म्हणालास. मी राहिले.

आई